बरकत किती ग्रॅम?

तूनिस, २० ऑक्टोबर १९९३

लल्ला दलेंदा बिंत सालिम,
प्रमुख, बीर लूज़ महिला हरिसा मंडळ, यांस

महोदया,

आपल्या मंडळाच्या हरिसाच्या, म्हणजे मिरचीच्या वाटणाच्या, आठशे चाळीस बरण्या आमच्या वेष्टन-तपासणी कचेरीने घाऊक बाजारात अडवून गोदामात ठेवल्या आहेत. एक बरणी मी स्वतः तपासली. तपासली म्हणजे बाहेरून. आत काय आहे ते पाहणारा विभाग वेगळा, दुसऱ्या मजल्यावर आहे. आमचा संबंध फक्त लेबलाशी.

लेबलावरचं निव्वळ वजन मुंग्यांनी वाचावं अशा अक्षरात छापलं आहे. अक्षराची किमान उंची कायद्याने ठरलेली आहे, ती गाठलेली नाही. दुसरं, घटकांची यादी. कायदा म्हणतो, जे सगळ्यात जास्त ते आधी, सगळ्यात कमी ते शेवटी. आपण लिहिता : लाल मिरची, लसूण, ऑलिव्हचं तेल, धणे, शहाजिरे, मीठ, बरकत. म्हणजे बरकत मिठापेक्षा कमी आहे. किती ग्रॅम? कुठून आणली? वजन कुणी केलं?

हे दोन दोष दंड भरून मिटतील. तिसरा मिटणारा नाही. लेबलावर भरल्याची तारीख २८ सप्टेंबर आहे. आपणच जोडलेल्या काच कारखान्याच्या पावतीप्रमाणे रिकाम्या बरण्या आपल्याकडे ४ ऑक्टोबरला पोचल्या. मधले सहा दिवस हरिसा कशात होती? ओंजळीत?

तारीख खोटी ठरली तर माल नष्ट होतो आणि मंडळाचा नोंदणी क्रमांक रद्द होतो. सुनावणी ४ नोव्हेंबरला, आमचे वरिष्ठ सी बूराउई यांच्यापुढे. खुलासा लेखी पाठवावा. फोन करू नये, फोनवर माणसं गोड बोलतात.

आपला,
नाजी बिन सादोक, तपासनीस, वर्ग दोन

ता. क. आपण दोघं सख्खे चुलत आहोत हे या कचेरीत कुणाला ठाऊक नाही. उत्तरात नात्याचा उल्लेख टाळावा. माझ्या आईला सलाम.


बीर लूज़, १० ऑक्टोबर १९९३

सी नाजी, वर्ग दोन,

तुझं पत्र काल आलं. ‘महोदया’ वाचून मी मागे वळून पाहिलं, कोण बाई आत आली म्हणून. तुझं नाक माझ्या ओढणीला पुसून तुला मोठं केलं, आणि आता मी ‘आपण’ झाले. नातं लपवायचं असेल तर लपव बाबा. आमचीही काही इच्छा नाही गावभर सांगायची.

अक्षराचं कबूल. छापणारा म्हणाला, मोठी अक्षरं घेतली तर मिरचीचं चित्र बसत नाही. आम्ही चित्र घेतलं. बरकतीचंही ऐक. वाटायला बसताना अकराच्या अकरा बायका बिस्मिल्ला म्हणून हात घालतात. एकीचं राहिलं तर ते घमेलं बाजूला ठेवतो, घरी खायला. मग जे आत आहे ते लेबलावर नको लिहायला? तूच ना म्हणतोस, आतलं सगळं बाहेर लिहा?

तारीख मात्र बरोबर आहे. बरण्या आल्या, धुतल्या, उन्हात वाळवल्या, मग भरल्या, मग शिक्का मारला. बरणी यायच्या आधी भरायला आम्ही जादूगार आहोत का?

आता मला एक सांग. इतक्या वर्षांत तुला या गावाची आठवण झाली नाही, आणि आमचा पहिलाच माल बाजारात पोचला तर तो नेमका तुझ्याच हातात कसा आला? हाज मख़लूफचा कारखाना तुमच्या कचेरीपासून किती लांब आहे? आमचा क्रमांक गेला तर आम्ही पुन्हा त्याच्या फाटकाशी पोती घेऊन उभ्या. तो हात घालणार, ‘ओली आहे’ म्हणणार आणि अर्धी मिरची फुकटात ठेवून घेणार. वीस वर्षं हेच चाललं होतं. हे तुला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. सांगितलं असेल तर कुणी सांगितलं, ते तू सांग.

आज शनिवार, बायका वाट बघताहेत. पत्र आवरते.

दलेंदा


तूनिस, २६ ऑक्टोबर १९९३

लल्ला दलेंदा,

आपलं पत्र मी चार वेळा वाचलं. तीनदा मजकूर आणि एकदा नुसती तारीख.

माझं पत्र २० ऑक्टोबरचं. त्याला आपण उत्तर लिहिलंत १० ऑक्टोबरला. मी लिहायच्या दहा दिवस आधी! वर ‘आज शनिवार’ असंही लिहिता. १० ऑक्टोबरला रविवार होता, मी पाहून घेतलं. पाकिटावर आपल्याच गावच्या टपालाचा शिक्का २३ ऑक्टोबरचा आहे. जी बाई साध्या पत्रावर तेरा दिवस मागची तारीख घालते, तिच्या बरणीवर मी विश्वास का ठेवावा?

सव्वीस वर्षं मी लेबलं वाचतो आहे. तारीख पुढची टाकणारे शेकड्याने पाहिले. जुना माल ताजा दाखवायचा, यात डोकं लागत नाही. पण ताजा माल जुना दाखवणारा आजवर एकही भेटला नाही. कारण असा माणूस मूर्ख तरी असतो, नाहीतर फार पोचलेला. आपण मूर्ख नाही हे मी लहानपणापासून जाणतो.

तेव्हा माझा कयास असा. हरिसा आपली नाहीच. ती मख़लूफच्या कारखान्यातली, सप्टेंबरात पिंपांत भरलेली. आपण ती आणून नव्या बरण्यांत ओतली आणि पिंपावरची तारीख चुकून तशीच उतरवून घेतली. लबाड माणूस चुकून एवढंच खरं लिहितो. त्याच्याशी आपलं वैर आहे असं आपण आवर्जून लिहिलंत, तेव्हाच मी सावध झालो.

आणि उशिराचा विषय निघालाच आहे तर हेही लिहितो. माझा जन्म १२ जुलैचा. ओळखपत्रावर आहे, कुणीही वाचावं. आई दरवर्षी माझ्या नावाने अंजिरांची टोपली पाठवते ती मला मिळते २५ जुलैला. एकदा नाही, दरवर्षी. शिळी, मऊ पडलेली अंजिरं. टोपली बसवर चढवायचं काम आपल्याकडे आहे. मधले तेरा दिवस ती कुणाच्या घरात पडून असते, हे मी आजवर विचारलं नव्हतं. आईच विसरत असेल असं धरून चाललो होतो, आणि ते गिळायलाही सोपं नव्हतं. आता दिसतं आहे की आपल्या घरातून जे जे बाहेर पडतं त्याला तेरा दिवस चिकटतात.

शिक्का नेमका कोण मारतं त्याचं नाव कळवावं. अहवालात दोषी म्हणून तेच नाव जाईल.

नाजी बिन सादोक


बीर लूज़, १६ ऑक्टोबर १९९३

नाजी,

आज शुक्रवार. घराघरात कुसकुस शिजतं आहे आणि मी इथे तुझ्या शिव्यांना उत्तर लिहिते आहे.

मख़लूफची हरिसा? आमच्या बरणीत? हे मी बायकांना वाचून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर अकराजणी बसने तुझ्या कचेरीत आल्या असत्या, हात न धुता.

टोपलीचं ऐक. तुझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. त्या दिवशी पहाटे ती स्वतः झाडावर हात घालते, मला चढू देत नाही. पानं खाली, अंजिरं वर, त्यावर ओलं फडकं. सातच्या बसवर मी चढवते, दुपारी बारापर्यंत तुझ्या दारात असते. मध्ये एक तास मी ती कुठे ठेवत नाही. शिळी म्हणे! तू ती उघडून पाहिलीस तरी का?

आईला विसरभोळी म्हणणाऱ्याने आधी स्वतःचं बघावं. शेवटचा कधी आला होतास? सात वर्षं झाली. तेव्हाही जेवला नाहीस. ‘बसची वेळ झाली’ म्हणालास आणि पाऊण तास बसथांब्यावर उभा राहिलास. गावाने पाहिलं.

शिक्का मारणाऱ्या माणसाचं नाव देणार नाही. ते माणूस आपल्या दोघांहून मोठं आहे, आणि आयुष्यात एका दिवसाने चुकलेलं नाही. मिरची उन्हातून कधी उचलायची ते सांगतं आणि त्याच दिवशी उचलावी लागते. एक दिवस आधी काढली तर बुरशी, एक दिवस नंतर काढली तर भुसा. दोषी हवा असेल तर माझं नाव लिही. नीट उंचीच्या अक्षरात लिही.

दलेंदा


तूनिस, ३१ ऑक्टोबर १९९३

लल्ला दलेंदा,

नाव न देणं म्हणजे पुरावा दडवणं. सुनावणीपूर्वी मंडळाच्या शेडची अचानक तपासणी करण्यात येईल. अचानक असल्यामुळे दिवस कळवता येत नाही. राजधानीहून येणारी सकाळची बस दहाला पोचते, इतकं आपल्याला माहीतच आहे.

माझ्यासाठी जेवण करू नये. तपासनीसाने तपासणीच्या जागी काही खाऊ नये असा नियम आहे.

नाजी


बीर लूज़, २० ऑक्टोबर १९९३. म्हणजे तुझ्या हिशेबाने २ नोव्हेंबर.

नाजी,

काल तू तपासणीला येऊन गेलास. जे झालं ते मीच लिहून ठेवते. उद्या कुणी वेगळंच सांगायला नको. आणि तुमच्याकडे कागदाशिवाय काही घडत नाही ना?

तू आलास, नाकाला रुमाल लावलास आणि विचारलंस, ‘शिक्का कोण मारतं?’ अकराजणींनी खाली बघितलं. मीही. मग कोपऱ्यातून आवाज आला, ‘मी. का रे?’

तुझी आई पाटावर बसली होती, मांडीवर शाईचा डबा. तुझ्या चेहऱ्याचा रंग काय झाला ते लिहीत नाही. तू म्हणालास, ‘आई, आज तारीख काय?’

काकू म्हणाली, ‘एकोणीस ऑक्टोबर. तिकडे न्हाव्याकडे जायला वेळ मिळत नाही वाटतं?’

‘आज एक नोव्हेंबर आहे, आई.’

‘मग भिंतीला सांग.’

तू भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट ओढून काढलंस. पानावर मधोमध हाताएवढा मोठा ‘१’, आणि खाली कोपऱ्यात शहाजिऱ्याच्या दाण्याएवढा ‘१९’. तू तो कोपरा काकूच्या डोळ्यांपुढे धरलास. ‘हा आकडा तू बघतेस? हा?’

‘मग काय तो मोठा बघू?’ काकू म्हणाली. ‘तो पगारवाल्यांचा. मिरचीला पगार नसतो. माझी आई हाच बघायची, तिची आई तर भिंतीशिवायच मोजायची. याच मोजणीने पेरतो, याच मोजणीने वाळवतो. तुझ्या मोठ्या आकड्याने एकदा मिरची वाळवून दाखव.’

तू तिथेच मिरचीच्या पोत्यावर बसलास. बायकांना वाटलं चक्कर आली, एकीने कांदा हुंगायला दिला. तू बोटं मोजत होतास. पुन्हा पुन्हा तेरापर्यंत. आणि मग उठून सरळ चालू लागलास. काकूने हाक मारली, ‘बस तीनची आहे!’ तू थांबला नाहीस.

आता माझी चूक लिहिते. मी दिवसभर त्याच शेडमध्ये असते, त्याच भिंतीवर बघून पत्रावर तारीख टाकते. तुझ्या दुसऱ्या पत्रात टपालाच्या शिक्क्याचं वाचलं तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला होता. तुझ्यावरचा राग होता म्हणून तरीही मी जुनीच तारीख टाकली. आणि गप्प राहिले, कारण बोलले असते तर काकूचं नाव आलं असतं. ती मला म्हणाली होती, ‘नाजी साहेब झालाय, आईला शिक्का मारायला बसवलंय म्हणून त्याला लाज वाटेल.’ तुझ्या अहवालात तिचं नाव दोषी म्हणून जाण्यापेक्षा तू मला लबाड म्हटलेलं बरं, असं मी ठरवलं.

परवा सुनावणी. अकरा बायकांचं काय व्हायचं ते तुझ्या एका कागदावर आहे. तू काय लिहिणार? काकूला विचारलं. ती म्हणाली, ‘माझंच नाव लिहू दे. फक्त अक्षर मोठं काढ म्हणावं, नाहीतर त्याच्यावरही दंड बसेल.’

दलेंदा


तूनिस, ५ नोव्हेंबर १९९३. तुमच्याकडे २३ ऑक्टोबर.

दलेंदाताई,

घाबरू नकोस, आधी निकाल सांगतो. क्रमांक राहिला. बरण्या राहिल्या. वीस नोव्हेंबरच्या आत (मोठ्या आकड्याचा वीस) आठशे चाळीस लेबलं नव्याने छापून लावायची : वजनाचं अक्षर मोठं, भरल्याची तारीख ११ ऑक्टोबर, आणि बरकत वगळून.

झालं असं. सी बूराउई यांनी विचारलं, ‘चूक कुणाची?’ मी सांगितलं, ‘बय्या, सादोकची विधवा. जुन्या शेतकरी मोजणीने तारीख टाकली, ती सरकारी तारखेच्या तेरा दिवस मागे चालते. या चुकीने गिऱ्हाइकाला तेरा दिवस कमी मिळाले, जास्त नाही. फायदा कुणालाच नाही, मंडळाला उलट तोटा.’ ते म्हणाले, ‘या बाईच्या अंतःकरणातलं इतकं खोलवरचं तुम्हाला कसं कळलं?’

मी म्हणालो, ‘ती माझी आई आहे.’

सी बूराउई यांनी चष्मा काढला. सव्वीस वर्षं मी ज्या नजरेने बरण्यांकडे बघत आलो, त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उलटसुलट करून, उजेडात धरून. मग फाईल माझ्या हातातून काढून दुसऱ्या तपासनिसाला दिली. तो तरुण आहे, मला नेहमी संशयी म्हातारा म्हणतो. त्याने तासभर कॅलेंडर, टपालाचा शिक्का, काचेची पावती ताडून पाहिली आणि तोच निष्कर्ष लिहिला. तुमचं सुटलं ते त्याच्यामुळे, माझ्यामुळे नाही. नातं लपवल्याबद्दल मला ताकीद मिळाली आणि लेबलांवरून बदली. सोमवारपासून मी तराजू तपासणार. तराजूला आई नसते, असं सी बूराउई म्हणाले. विनोद होता बहुतेक.

तू विचारलंस, फाईल माझ्याकडेच कशी आली. ती वाटपात आली नव्हती. गावाचं नाव वाचून मीच मागून घेतली. का, ते मला नीट सांगता येत नाही. पण मख़लूफने नव्हतं सांगितलं.

आता दुसरं.

काल कचेरीतून मी नोंदणी कार्यालयात गेलो आणि माझा जन्माचा दाखला काढला. १२ जुलै १९३६. माहिती देणारी : आई. कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं, कुठली मोजणी ते विचारलं नाही. आई लहानपणी सांगायची, ‘मेंढ्या समुद्रावर न्यायच्या दिवशी तू झालास,’ आणि मला ती थट्टा वाटायची. मेंढ्या समुद्रावर नेतात आउस्सूच्या, म्हणजे भर उन्हाळ्याच्या चाळीस दिवसांच्या, पहिल्या दिवशी. त्या जुन्या मोजणीने तो १२ जुलै. माझ्या ओळखपत्राच्या मोजणीने २५.

म्हणजे सत्तावन्न वर्षं माझ्याच अंगावर खोटी तारीख आहे, आणि मी जगाची लेबलं तपासत होतो. निवृत्तही तेरा दिवस आधी होणार. तक्रार कुणाकडे करू?

आणि टोपली. दरवर्षी, त्याच दिवशी, दुपारी बारा वाजता. एक दिवस पुढे नाही, मागे नाही. तू विचारलंस, उघडून पाहिलीस का. नाही पाहिली, ताई. आई विसरते आणि मग आठवण झाली की पाठवते, या रागात मी ती तशीच इमारतीच्या दरवानाला द्यायचो. शिळी, मऊ, हे सगळं मी मनाने लिहिलं होतं. काल त्याला विचारलं, अंजिरं कशी असायची? तो म्हणाला, ‘साहेब, दव असायचं वर.’

आईला सांग, पुढच्या वर्षी टोपली बसवर चढवू नये. मी २५ जुलैला स्वतः येतो. तराजूवाल्यांना जेवायला बंदी नाही, तो नियम मी वाचून घेतला आहे.

नाजी


बीर लूज़, २७ ऑक्टोबर / ९ नोव्हेंबर १९९३

नाजी,

आता मी दोन्ही तारखा लिहिते. बघ, पाकिटावरचा शिक्काही जुळेल.

नवी लेबलं छापायला दिली. मिरचीचं चित्र लहान झालं, बायका हळहळल्या. शिक्का काकूकडेच आहे. फक्त आता ती मोठा आकडा बघते, लहान आकड्याशी ताडते, मधलं अंतर तेरा भरलं की मगच मारते. हे तुझ्याकडून घेतलं असं ती म्हणते. मला वाटतं ते तुझ्याकडे तिच्याकडूनच आलं असावं.

तुझं पत्र मी तिला दोनदा वाचून दाखवलं. टोपलीची जागा तिसऱ्यांदा वाचायला लावली. दरवानाच्या उत्तरापाशी तिने मला हाताने थांबवलं. मग म्हणाली, ‘बरा आहे दरवान. त्याला मुलं किती?’

बरकत लेबलावरून काढली, हेही सांगितलं. ती म्हणाली, ‘कागदावरूनच ना?’ आणि घमेल्यात हात घातला.

तू येणार म्हणून तिला आनंद झालाय. पण तुझ्यावर तिचा पुरता विश्वास नाही. दहा वेळा मला विचारून झालं, म्हणून तुला विचारते आहे. उत्तर लेखी पाठव, तू फोनवर गोड बोलशील :

‘पंचवीस जुलै म्हणतोय तो, पण कुठल्या मोजणीचा? नीट विचार. नाहीतर तेरा दिवस उशिरा येईल, अंजिरं सडतील, आणि नाव माझं घेईल.’

दलेंदा